नाव घालून मिळेल

मंगळवार, १६ जानेवारी १९३४

मुंबईच्या ज्या पेढीकडून आम्ही पितळेचा पत्रा घेतो, तिनं नव्या वर्षाची डायरी पाठवली आहे. पंधरवडाभर ती गादीखाली पडून होती. काल संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेतून परतलो तेव्हा इतकं हसू साठलं होतं की कुठंतरी लिहून ठेवावंसं वाटलं. घरात आम्ही कानडी बोलतो, पण लिहिण्याची सवय मराठी शाळेची, म्हणून मराठीतच लिहितो.

जत्रेत एका परक्या माणसानं जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, भांड्यांचं दुकान मांडलं होतं. पांढुरकी, निस्तेज, हातात घेतली तर हातात काही आहे की नाही कळू नये अशी. मी एक तपेली उचलून तिच्यावर टिचकी मारली. नादच नाही. आमच्या पितळेच्या हंड्यावर टिचकी मारली तर शेजारच्या घरात ऐकू जाते. मी मोठ्यानं म्हणालो, "ही भांडी म्हणायची की भातुकली?" लोक हसले. मग त्याच हसणाऱ्यांतल्या बायकांनी पुढं होऊन भांडी घेतली, तेवढं मात्र जरा विचित्र वाटलं.

मधल्या मारुतीजवळचं आमचं तांब्यापितळेचं दुकान वडिलांनी घातलं. पाटीवर 'चनबसप्पा आणि मुलगे' असं आहे. मुलगे म्हणजे मी, सिद्धलिंगप्पा, आणि माझ्याहून पुष्कळच लहान असलेला चन्नवीर. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. त्याला मी वाढवलं असं मी चारचौघांत म्हणतो. खरं म्हणजे माझ्या बायकोनं वाढवलं. तिला नावानं हाक मारायची आमच्यात रीत नाही, पण कागदावर लिहायला हरकत नसावी. कस्तुराबाई.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

चन्नवीर आज गादीवर येऊन बसला आणि म्हणाला, "अण्णा, आपण जर्मन ठेवायला पाहिजे." जेवण अंगावर आलेलं असताना माणसानं असलं काही बोलू नये.

मी शांतपणे समजावलं. पितळेचं भांडं पिचलं, चेमटलं, तरी त्याला मोड येते. जुनं भांडं आणा, आम्ही तोलून घेतो, त्याची किंमत नव्यात वळती करतो. बाईमाणसाची ती पुंजीच असते. जर्मनला मोड नाही. ते चेमटलं की उकिरड्यावर. आणि आमच्या दुकानाचा मान आहे तो भांड्यावर घातलेल्या नावाचा. दारात रावजी छिन्नी-हातोडी घेऊन बसतो आणि 'अमक्या मामांकडून चि. सौ. कां. तमकीस' असं टपोऱ्या अक्षरांत कोरतो. मोडीला आलेल्या भांड्यावर कुणाचं नाव असलं तर आम्ही ते आधी कानशीनं घासून काढतो आणि मगच भांडं फोडतो. माणसाच्या नावावर घाव घालायचा नाही, हा वडिलांचा नियम. जर्मनच्या त्या पापडावर नाव घालायला कोण येणार आहे?

चन्नवीर म्हणाला, "गिरणीच्या दरवाजाशी पगाराच्या दिवशी उभं राहून बघा की एकदा." मी म्हटलं, आपली गिऱ्हाइकं गिरणीच्या दरवाजाशी नसतात. त्यावर तो म्हणाला, "तेच सांगतोय अण्णा," आणि उठून गेला. काय सांगत होता कोण जाणे.

रविवार, ११ फेब्रुवारी

हल्ली चहा फार लवकर येतो. मागितला आणि तोंड धुऊन आलो की समोर हजर. पूर्वी पितळेचं पातेलं तापेपर्यंत अर्धा बाजार उघडायचा. बहुतेक यंदाचा कोळसा चांगला निघाला. वखारवाल्याला सांगितलं, हाच देत जा. तो माझ्याकडं बघतच राहिला. चांगलं बोललेलं ऐकायची सवय नसते लोकांना.

कस्तुराबाईची पाठही बरी आहे. पाण्याची कळशी उचलताना कण्हायची, ते थांबलं. अक्कलकोटच्या वैद्याचं मलम मीच आणून दिलं होतं.

सोमवार, ५ मार्च

चन्नवीराचा हट्ट पुरवायचा म्हणून प्रयोग केला. जर्मनचे पेले आणि दोन-चार तपेल्या आणून दुकानात ठेवल्या. दर्शनी भागात पितळेची घंगाळं असतात, तिथं त्यांची शोभा जाते, म्हणून मागं, चिंचेच्या पोत्याशेजारी मांडल्या. कुणी विचारलंच तर खरं काय ते सांगायचं, असं गड्यांना बजावलं. इतक्या दिवसांत एकही नग गेला नाही. चन्नवीराला म्हटलं, बघ. तो गाळ्यातून पोत्यापर्यंत गेला आणि एका पेल्यावरची धूळ पुसून परत आला.

शिवाय मी एक नामी युक्ती काढली आहे. उद्यापासून आमच्याकडं पितळेचं भांडं घेणाऱ्याला नाव फुकट घालून मिळेल. मजुरी दुकान सोसेल. दवंडी पिटवली, पाटी लावली. जर्मनवाल्यांनी करून दाखवावं असं.

सोमवार, १९ मार्च

युक्ती फळली. रावजीची टकटक सकाळपासून दिवे लागेपर्यंत चालू असते. गर्दी होते म्हणून तो आता दुकानामागच्या आमच्या घराच्या परसात बसतो. मी गादीवर डोळे मिटून ती टकटक ऐकतो तेव्हा फार समाधान वाटतं. वडील असते तर खूष झाले असते.

विक्री मात्र वाढलेली दिसत नाही. कदाचित लोक जुनी भांडी आणून नावं घालून घेत असतील. घालू देत. नाव पसरतं ते आपलंच.

परसदारी बायकांची ये-जा वाढली आहे. गिरणीत जाणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, विणकर पद्मसाळ्यांच्या घरच्या. कस्तुराबाईला विचारलं तर म्हणाली, "शेंगाचटणी मागायला येतात." तिची चटणी आहेच तशी. मी म्हटलं, द्यावी. माणूस जोडावं.

शुक्रवार, ६ एप्रिल

आज दिवसभर काही सुचलं नाही.

चन्नवीर कुर्डुवाडीला जायचं म्हणतो. तिथं वैरागच्या एका माणसाशी भागी ठरते आहे म्हणे. जंक्शनचं गाव, रेल्वेची वस्ती, तिथं जर्मनचं दुकान काढायचं. बायकोला आणि पोराला घेऊन जायचं. धोंड्याचा महिना संपला की निघणार.

मी विचारलं, "आणि 'आणि मुलगे' या पाटीचं काय करू? 'आणि मुलगा' असं रंगवून घेऊ?" तो खाली बघत म्हणाला, "अण्णा, तुमी मला पोत्यामागं ठेवलंय." मी म्हटलं, ते पेल्यांना ठेवलं होतं. तो म्हणाला, "तेच की."

संध्याकाळी कस्तुराबाई म्हणाली, "जाऊ द्या त्याला. तरुण आहे." तिच्याच मांडीवर वाढलेला दीर, आणि ती भाजी निवडता निवडता असं बोलते याचं मला नवल वाटलं. मला तर घास उतरला नाही. दुकान चालेल, न चालेल. पण सकाळी चन्नवीराचं पोरगं माझ्या पूजेत येऊन भस्माला बोटं लावतं, ते कुर्डुवाडीला गेलं तर माझी सकाळ कशी व्हायची? बायकांना काळीज नसतं असं म्हणवत नाही, पण आज तसं वाटलं.

बुधवार, १८ एप्रिल

धोंड्याचा महिना लागला. यंदा अधिक वैशाख, म्हणून लग्नं नाहीत, पण जावयांना द्यायला ताटं, निरांजनं, तांब्याची पळी-पंचपात्रं यांची झुंबड आहे. मोहोळचा एक सासरा चार जावयांसाठी चार समया घेऊन गेला. बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. आज गादीवरून उठायलाही फावलं नाही. चन्नवीराला म्हटलं, ही बघ पितळेची ताकद. आता जातोस का? तो हसून म्हणाला, "अण्णा, जावई रोज नसतो."

आज गल्ला इतका छान वाजत होता की उत्तर द्यायची गरजच वाटली नाही.

सोमवार, १४ मे

महिना संपला. आज दुकानात एक गृहस्थ घड्याळात किती वाजले विचारायला आला, तेवढंच गिऱ्हाईक. लग्नं आता सुरू होतील, होतीलच. पण मधल्या दिवसांत माणसं पूर्वी येत. तपेली, पातेलं, कळशी, रोजचं काहीतरी लागे. ते येणं कधी थांबलं हे मला आठवेना. टकटक मात्र मागून चालूच होती. फुकट नावांची भांडी जर माझ्याकडून जात नाहीत, तर रावजी कोरतो आहे तरी काय, हा प्रश्न मला आज पहिल्यांदा पडला. इतकं ऊन होतं की परसात जाऊन बघायचा कंटाळा केला.

चन्नवीरानं ट्रंक झाडून ठेवली आहे.

गुरुवार, १७ मे

आज उलगडलं. दुपारी सोनाबाई नावाची एक बाई दुकानात पुढच्या दारानं आली. गिरणीत रिळाच्या खात्यात आहे. पदराखालून जर्मनची तपेली काढून म्हणाली, "रावजीबाबा मागं न्हाईत, म्हनून पुडनं आले. एवडं नाव घालून द्या की."

माझ्या डोक्यात टकटक सुरू झाली. दोन महिने डोळे मिटून जी ऐकत होतो, ती जर्मनवरची होती.

मी रागावलो नाही, कारण बाईचा त्यात काय दोष? नेहमीचं बोललो. "बाई, ह्याला मोड येत नाही. उद्या अडचण आली तर हे घेऊन कुणाच्या दारात जाल?"

ती म्हणाली, "घरात हंडा हाय की पितळेचा. तुमच्याच दुकानातला. त्याच्यावर मामंजींचं नाव हाय. मागं अडचन आली तवा मोडायचा म्हनलं, तर सासूला इचारा, दिराला इचारा. समदी व्हय म्हनली तरी तुमी कानस काडनार, आन् ते नाव घासताना बगून सासू चार दिस जेवनार न्हाय. हंडा हाय तितंच हाय. लई जड हाय, मीच रोज उचलते. आता तुमीच सांगा सावकार, तो माजा हाय व्हय?"

"आणि हे?"

"ह्ये माज्या पगारातलं. नाव घाला सोनाबाई. निस्तं सोनाबाई. पुडं कुनाचं नगं."

तेवढ्यात रावजी आला. मला आणि तपेलीला एकत्र बघून त्याच्या हातातली पिशवी खाली आली. "सावकार, वैनीबाई म्हनल्या..." तो सांगू लागला. मी म्हटलं, बस आणि घाल नाव. त्यानं माझ्यासमोर कोरलं. जर्मन मऊ असल्यामुळं छिन्नी सहज फिरते, अक्षर उलट जास्त गोल येतं, हे कबूल केलं पाहिजे. सोनाबाईला वाचता येत नाही. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं, कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते रावजीला विचारलं, आणि तपेली पदराखाली न घेता हातात धरून भर बाजारातून गेली.

वैनीबाई काय म्हणाल्या ते मी रावजीला विचारलं नाही. म्हातारा उगाच घाबरला असता.

शुक्रवार, १८ मे

सकाळी कस्तुराबाई देवळात गेली तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन बसलो. दुकानात हजारो भांडी हातांखालून गेली, पण घरची कधी वाचली नव्हती. हंड्यावर माझ्या आजोबांचं नाव. परातीवर तिच्या मामांचं. घंगाळावर माझ्या वडिलांचं. कळशी कुणा आत्याबाईंच्या स्मरणार्थ. पंचवीस वर्षं जी बाई ती घासते, तिचं नाव कशावर 'हिस' म्हणून आहे, कशावर तेवढंही नाही. रागावण्यासारखं काही नाही, सगळ्यांच्या घरी असंच असतं. पण वाईट वाटलं. मला फार वाईट वाटलं.

मग पिठाच्या डब्यामागं ती सापडली. जर्मनची तपेली, बूड काळं झालेलं, आत चहाचा वास. काठावर रावजीच्या अक्षरात 'कस्तुराबाई'. शेजारी पाण्याची जर्मनची कळशी, तिच्यावरही तेच.

ती परत आली तेव्हा मी तपेली मांडीवर घेऊन बसलो होतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गड्ड्यापासून," ती म्हणाली. "तुम्ही भातुकली म्हणून हसत होतात ना, तेव्हा शेजारच्या शिवबाई समोर उभ्या होत्या. त्यांच्याकरवी मागवली."

"म्हणजे कोळसा..."

"कोळसा नेहमीचाच आहे."

"आणि पाठ?"

"मलमाचा वास चांगला होता हो," ती म्हणाली.

मला राग यायला हवा होता. तो येतो आहे का म्हणून मी जरा वाट पाहिली, पण लागली ती भूक. तिनं चहा टाकला. माझ्या डोळ्यांदेखत, त्याच तपेलीत, तोंड धुऊन येईपर्यंत झाला. इतके महिने मी पितळेच्या चहाचं कौतुक ज्याला त्याला सांगत होतो.

रविवार, २० मे

चन्नवीराला घेऊन फिरायला गेलो. तळ्याच्या काठाशी बसलो आणि सांगून टाकलं.

गिरणीच्या दरवाजाशी गाळा बघ. जर्मनचं दुकान काढ. आपलंच, पण वेगळं. माझ्या दुकानात ते चालायचं नाही, कारण मी ते चालू देणार नाही. कितीही ठरवलं तरी माझा हात घंगाळ पुढं करतो आणि पेले पोत्यामागं जातात, हे मला आता समजलं आहे. म्हणून तिथं माल तू आणायचा, भाव तू ठरवायचा, गडी तू ठेवायचे. वर्षभर मी तुझ्या गादीवर चढणार नाही. पितळेची जुनी भांडी मोडीला येतील ती घे, त्यांवर जर्मन दे, आणि पितळ माझ्याकडं पाठव. रावजी तुझ्याकडं बसेल, मला लग्नसराईत पाठव. रोजचा स्वयंपाक तुझा. लग्न, देव आणि पंगत माझी. मोठे हंडे, कढया पंगतीला भाड्यानं द्यायचं माझ्या मनात आहे.

त्यानं मग विचारलं, "आणि तुमचंच गिऱ्हाईक माझ्याकडं आलं तर, अण्णा?"

"येणारच आहे," मी म्हटलं. "कुर्डुवाडीला जाण्यापेक्षा तुझ्याकडं गेलेलं बरं." त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला आणि आम्ही दोघांनी उगाचच तळ्यातल्या बदकांविषयी बोलायला सुरुवात केली.

रविवार, २७ मे

गाळा मिळाला. मंगळवार पेठेतल्या रंगाऱ्याला पाटी सांगितली. जेवताना सहज विचारलं, वैरागच्या त्या भागीदाराला नाही म्हणून कळवलंस का? त्याचं नाव तरी काय होतं? चन्नवीर कस्तुराबाईकडं बघायला लागला, कस्तुराबाई आमटीकडं बघायला लागली, आणि दोघांनाही एकदम ठसका लागला. आमटी तिखट नव्हती. भागीदाराचं मन मोडलं याचं मला तरी वाईट वाटलं. या दोघांना त्याचं काहीच नाही.

सोमवार, ४ जून

आज चन्नवीराच्या दुकानाची पूजा झाली. पाटीवर त्यानं वडिलांचं नाव घातलं आहे आणि खाली, बारीक नाही, चांगल्या ठसठशीत अक्षरांत, 'नाव घालून मिळेल'. गिरणीची पाळी सुटायची वेळ साधून दुकान उघडलं. भोंगा झाला आणि बायका लोटल्या. मी कबूल केल्याप्रमाणे गादीवर चढलो नाही, समोरच्या पानवाल्याच्या फळीवर बसलो. एकीला "ह्याला मोड..." एवढं म्हणून गेलो, तर कस्तुराबाईनं लांबूनच असं पाहिलं की उरलेलं पानाबरोबर गिळलं.

गर्दी ओसरल्यावर कस्तुराबाई स्वतः पुढं झाली. तिनं जेवणाचा तीन पुडांचा डबा निवडला, कनवटीचे पैसे काढून चन्नवीराच्या हातात ठेवले आणि डबा रावजीपुढं धरला.

"काय घालू, वैनीबाई? कस्तुराबाई?"

"नेहमीचं घाला. अमक्याकडून अमक्यास."

"कुनाकडनं?"

"कस्तुराबाईकडून," ती स्पष्ट म्हणाली.

"आन् कुनास?"

तिनं आयुष्यात माझं नाव उच्चारलेलं नाही. रावजी छिन्नी धरून थांबला. चन्नवीर तोंड फिरवून हसायला लागला. सोनाबाई आणि तिच्या मैत्रिणी दारात उभ्या होत्या, त्याही थांबल्या. कस्तुराबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रस्त्यापलीकडं, पानवाल्याच्या फळीवर बसलेल्या माझ्याकडं हात केला.

"त्यांना," ती म्हणाली.

रावजीनं माझ्या नावाची टकटक सुरू केली. मी समोर बघू शकत नव्हतो, म्हणून पानवाल्याशी चुन्याबद्दल काहीतरी बोललो. वडिलांच्या काळापासून या शहरातल्या निम्म्या घरांत आम्ही नावं घालून भांडी पोचवली. माझं नाव घातलेलं भांडं मला कुणी दिलं नव्हतं. मला ते हवं होतं हेही मला ठाऊक नव्हतं.

उद्यापासून दुकानात जेवण त्यातूनच येईल. डबा अगदी हलका आहे.